बिनपाटीचा कारखाना

नळाला पाणी आलं की शेळगीतल्या त्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका बाहेर सापडतात, हे दाक्षायणीला कुणीतरी सांगितलेलं असणार. नाहीतर नेमकी त्याच सकाळी ती कशी उगवली असती, असं चन्नम्माला वाटलं आणि पहिली शंका तिथंच आली.

बाई चाळिशी ओलांडलेली, अंगानं शिडशिडीत. साधीच पण इस्त्रीची साडी, कपाळाला विभूतीचं बोट, पायात रबरी चप्पल. हंड्या-घागरींच्या गर्दीपासून ती जरा बाजूला उभी राहिली, नळावरचं भांडण मिटेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "शिवण येतं का कुणाला? शाळेच्या युनिफॉर्मचं काम आहे. पीसवर पैसे, दर शनिवारी हातात. मशीन आमचं, दोरा आमचा."

"डिपॉझिट किती?" चन्नम्मानं विचारलं.

"काही नाही."

"आधार कार्ड, फोटो?"

"काही नको. हातात सफाई पाहिजे, बास."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चन्नम्मानं घागर कमरेवर घेतली आणि त्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काहीच मागत न्हाय म्हंजे पुढं लई मोठं मागणार."

दाक्षायणीनं ते ऐकलं. जागा कुठं आहे ते तिनं दोघी-तिघींना हळू आवाजात सांगितलं आणि ती निघून गेली.

चन्नम्माला असं बोलायचा हक्क होता, निदान तिला तरी तसं वाटायचं. मागं एक गोड बोलणारा माणूस गल्लीत आला होता. घरी बसून अगरबत्ती करा, मशीन आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो, असं म्हणाला होता. चन्नम्मानं तेव्हा डिपॉझिटसाठी गळ्यातली बोरमाळ मोडली आणि निम्म्या गल्लीला हाताला धरून त्याच्या ऑफिसात नेलं. मशिनं आली, पोत्यानं अगरबत्ती झाली, आणि माल उचलायला कुणी आलंच नाही. चौकशीला गेल्या तर ऑफिसाच्या जागी मोबाईलचं दुकान. बायका तिच्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण कुणी भांडलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. ती नळावर आली की गप्पा थांबायच्या. बारशाला, हळदी-कुंकवाला बोलावणं येईना. पुढं हळूहळू सगळं सुरळीत झालं, पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, चन्नम्मा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

नवरा जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा विरेश पुण्याकडं चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपलं की काही दिवस घरी, पुन्हा बोलावलं की पुन्हा तिकडं. त्यामुळं घरातला भरवशाचा पैसा म्हणजे चन्नम्माच्या भाकरीचा. बाळीवेशीतला एक दुकानदार तिला ज्वारीचं पीठ द्यायचा, ती पातळ भाकऱ्या थापून, तव्यावर दाबून कडक करून परत द्यायची. त्या भाकऱ्या शेंगाचटणीबरोबर पुडक्यात बांधून कुठं कुठं जायच्या, अगदी परदेशात, असं दुकानदार सांगायचा. चन्नम्माचा उजवा खांदा मात्र आता वर जाईनासा झाला होता.

सून राजेश्वरी अक्कलकोटची. माहेरी शिवण शिकलेली. दाक्षायणी येऊन गेली त्या दुपारी ती तव्याजवळ येऊन बसली.

"अत्ती, मी बघून येऊ का त्या बाईचं काम?"

सासूला ती कानडी रिवाजानं अत्ती म्हणायची.

"आदी मी बघते," चन्नम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात भाकऱ्या पोचवून ती तशीच, नळावर कानावर पडलेला पत्ता धरून, जोडबसवण्णा चौकाकडं वळली. चौकाच्या मागच्या बोळात यंत्रमागाचं एक जुनं शेड होतं. माग केव्हाच भंगारात गेले होते. शेडच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. शटर गुडघ्याएवढंच वर. आतून मशिनांचा आवाज येत होता, एकदम धावत सुटणारा आणि मधेच थांबणारा. पाटी कुठंच नाही. एक बाई वाकून आत शिरत होती. शटरच्या आत पत्र्याचा एक डबा होता, त्यात तिनं आपला मोबाईल टाकला आणि मग पुढं गेली. चन्नम्मानं ते नीट बघितलं.

तेवढ्यात दाक्षायणी बाहेर आली.

"कोण पाहिजे?"

"तुमीच आलता की आमच्या गल्लीत. सुनंला पाठवायची हाय, म्हणून बघाय आले."

"मग तिलाच पाठवा. ती बघेल."

"आत येऊ का?"

दाक्षायणीची नजर चन्नम्माच्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं गेली. "आत्ता नको. कामाची घाई आहे."

"पाटी न्हाय लावली ती?"

"लावू सावकाश."

"आन् बायकांचे फोन कशाला काढून घेता?"

"कामात लक्ष राहतं." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

बोळाच्या तोंडाशी एक पांढरी गाडी मंदावली. दाक्षायणीनं हात मागं नेऊन शटर खाली ओढलं आणि गाडी निघून जाईपर्यंत ती त्याला पाठ लावून उभी राहिली. आतली मशिनंसुद्धा थांबली. मग जणू काही घडलंच नाही अशा आवाजात ती म्हणाली, "ऊन लई आहे काकू, घरी जावा."

घरी येताच चन्नम्मानं सांगून टाकलं, "राजी, तितं जायचं न्हाय."

"का? काय दिसलं?"

"काय दिसू देत न्हायत, हेच दिसलं."

राजेश्वरी गप्प बसली. ती वाद घालणाऱ्यातली नव्हती. पण ती अशी गप्प बसली की चन्नम्माला बरं वाटत नसे, कारण गप्प बसलेलं माणूस काय ठरवतंय ते कळत नाही.

त्यानंतर आठवडाभरातच राजेश्वरीच्या भवानी पेठेतल्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मावशीला करून घालायला कुणी नाही, म्हणून राजेश्वरी सकाळी डबा घेऊन जाऊ लागली आणि दिवस कलता परत येऊ लागली. चन्नम्मानं आधी मान डोलावली. मग एका संध्याकाळी सुनेच्या केसांत निळा बारीक कीस दिसला, कापडाचा. दुसऱ्या दिवशी पदराला दोऱ्याचे तुकडे. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं उठलेला फोड. मावशीनं म्हणे तांदळाची पिशवीही दिली, आणि चन्नम्माला माहीत होतं की ती मावशी देवाला दिवा लावताना वात मोजून घेणारी बाई.

एकदा तर चन्नम्मा भाकऱ्यांचं बोचकं घेऊन स्टॉपवर उभी असताना एका रिक्षातून राजेश्वरी आणि शेजारची पूनम दोघी उतरल्या. पूनमचा नवरा धनगर, सांगोल्याकडून मेंढरं विकून शहरात आलेला, हमालीला जायचा. पूनम पूर्वी एका मोठ्या युनिफॉर्म कारखान्यात शिवायला होती. उतरल्याबरोबर दोघी एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या पुढं-मागं चालायला लागल्या. तेव्हा चन्नम्माला सगळं कळलं.

पण तिनं विचारलं नाही. विचारलं तर सून खोटं बोलेल, आणि एकदा तोंडावर खोटं बोललेली सून मनानं परत मिळत नाही, हे ती जाणून होती. ती तो तांदूळ शिजवायची, खायची आणि प्रत्येक घासाला तिला वाटायचं, हे कुठंतरी फेडावं लागणार. ती बाई एक दिवस गायब होईल. नाहीतर पोलीस येतील आणि पोरींना गाडीत घालून नेतील. विरेशला काय तोंड दाखवायचं?

मे महिन्याच्या एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, दारात एक तरुण उभा राहिला. हातात हेल्मेट, शर्ट घामानं चिकटलेला.

"शरण्री अक्का. थोडं पाणी मिळेल का?"

कानडी हेल ऐकून चन्नम्मानं त्याला सावलीत बसवलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं कानडीतच गाव विचारलं, "निम्म ऊर यावद्री?"

"मैंदर्गी."

"अरे वा. माझं आजोळ दुधनी." मग तो मराठीत आला. नाव नंदीश, एका युनिफॉर्म कारखान्यात मॅनेजर. कारखान्याचं नाव चन्नम्मानं ऐकलेलं होतं, पूनम तिथंच होती. नंदीशचा आवाज शांत होता. त्यानं काही विकायला काढलं नाही, कुठं सही मागितली नाही. "अक्का, या भागात एक बाई फिरते. दाक्षायणी नावाची. आमच्याकडं सुपरवायझर होती, वर्षानुवर्षं. सीझन तोंडावर असताना आमच्या चांगल्या चांगल्या बायका फोडून गेली. मशिनंसुद्धा उचलली. पोलिसात प्रकरण आहे. वाईट एवढंच वाटतं की तिच्या नादानं गरीब घरच्या बायका अडकतील."

चन्नम्माचा हात पिठात तसाच राहिला.

"बायकांचे फोन काढून घेते ती," तिच्या तोंडून गेलं.

"घेणारच. आपण काय करतो ते बाहेर कळू नये असं ज्याला वाटतं, तो फोनच काढून घेतो." नंदीशनं मान हलवली. "दार बंद, पाटी नाही, असंच असेल ना सगळं?"

इतके दिवस जे तिच्या एकटीच्या मनात घोळत होतं ते दुसरं कुणी मोठ्यानं बोलत होतं. चन्नम्माला एकदम हलकं वाटलं. आपण वेड्या नाही. आपण बरोबर ओळखलं होतं.

"जागा तेवढी सांगा, अक्का. मी जाऊन समजावतो. तुमच्या सुनेचं नाव कुठंही येणार नाही, माझा शब्द."

आणि तिनं सांगितलं. चौक, बोळ, यंत्रमागाचं शेड, सगळं.

त्याची मोटरसायकल गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा चन्नम्मा भाकरी तव्यावर टाकत होती. टाकता टाकता तिच्या ध्यानात आलं. सुनेचा विषय तिनं काढलाच नव्हता. सून तिथं जाते हे तिनं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं, तर या माणसाला कसं ठाऊक? म्हणजे हा सगळं आधीच माहीत करून आला होता. कोण जातं, कुठल्या घरातली जाते. फक्त जागा सापडत नव्हती.

भाकरी करपली.

संध्याकाळी राजेश्वरी आली, हातपाय धुऊन चहा ठेवायला लागली. चन्नम्मा चुलीपाशी घुटमळत म्हणाली, "उद्या मावशीकडं नको जाऊ."

"का?"

"ऊन लई हाय."

"मावशीला मग कोण करून घालणार, अत्ती?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. चन्नम्माला एवढंच म्हणायचं होतं, की राजी, मला ठाऊक हाय तू कुटं जातीस, आणि माझ्या हातून चूक झाली. पण तेवढं बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. चन्नम्मा पीठ चाळायला बसली.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी उन्हं वर यायच्या आत परत आली. हातात फक्त कात्री होती. दारातच खाली बसली आणि मावशीचं नाटक तिनं तिथंच सोडून दिलं.

"अत्ती, मी दाक्षाक्काकडं शिवायला जात होते. आज गेलो तर शटरला मालकाचं कुलूप. मशिनं आत, कापड आत, शिवलेली सगळी बंडलं आत. मालक म्हणतो, पोलिसांचं लफडं मला नको, जागा खाली करा. शाळा उघडायच्या आत माल द्यायचाय. आता कसला देतोय."

चन्नम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "कुणी केलं हे?"

विचारताना तिला स्वतःचा आवाज परका वाटला.

"जुन्या कारखान्याचा तो नंदीश. लई दिवस शोधत होता आम्हाला. म्हणून तर दाक्षाक्का पाटी लावत नव्हती. एका पोरीनं पहिल्या दिवशी फोटो काढून कुणाला तरी पाठवला, तेव्हापासून फोन डब्यात. तरी कुणीतरी सांगितलंच." राजेश्वरी पाणी प्यायली. "पूनम असणार. ती त्याच्याच हाताखाली होती. त्याचे फोन यायचे तिला, मी बघितलंय."

"तिनं कबूल केलं?"

"कबूल कोण करतं?"

चन्नम्मा रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

पुढचे काही दिवस गल्लीत पूनमशी कुणी बोललं नाही. शेडमध्ये जाणाऱ्या बाकीच्या बायकाही जवळपासच्याच होत्या, त्यांनी ठरवून टाकलं होतं. पूनम नळावर आली की घागरी पुढं सरकायच्या. तिनं हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं. एका दुपारी ती चन्नम्माच्या ओट्यावर येऊन बसली, हातात रिकामी वाटी, साखरेचं निमित्त करून.

"काकू, मी न्हाय सांगितलं वो. त्यो फोन करायचा ही खरं हाय. परत ये, पगार वाढवतो म्हणायचा. बाकीच्या कोण कोण हायत ते बी त्यानं माज्याकडनं बोलता बोलता काढून घेतलं, तेवढी चूक झाली. पर जागा न्हाय सांगितली. देवाशप्पत न्हाय." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती वाटी फिरवत राहिली. "तुमीच एक हायसा, बोलताय माज्याशी."

चन्नम्मानं वाटीत साखर घातली. घालताना थोडी जमिनीवर सांडली. ती गेल्यावर चन्नम्मा कितीतरी वेळ त्या सांडलेल्या साखरेकडं बघत बसली. बोलणं बंद झालेल्या गल्लीत राहणं कसं असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माणूस आपल्याच घरात पाऊल वाजवायला भितं.

संध्याकाळी ती राजेश्वरीला म्हणाली, "मला त्या दाक्षायणीच्या घरी ने. पूनमला बी बोलाव."

दाक्षायणीचं घर म्हणजे घोंगडे वस्तीतली एक खोली. तिथं आधीच बायका जमल्या होत्या, पुढं काय करायचं ते ठरवायला. पूनम दाराबाहेरच उभी राहिली, कुणी तिला आत ये म्हणालं नाही. चन्नम्मा बसली नाही. बसली तर बोलणं होणार नाही असं तिला वाटलं.

"जागा पूनमनं न्हाय सांगितली," ती म्हणाली. "मी सांगितली."

राजेश्वरीनं मान वर करून सासूकडं बघितलं आणि परत खाली घातली.

"नंदीश माज्या दारात आलता. पाणी मागितलं. म्हणाला तुमी चोर हाय. मला पटलं." ती दाक्षायणीकडं बघून बोलत होती. "मला आदीपासनं तसंच वाटत होतं."

दाक्षायणी ओरडली नाही. तिनं विचारलं, "का वाटत होतं?"

"तुमी काहीच मागितलं न्हाय म्हणून. आन् काहीच दाखवलं न्हाय म्हणून."

"पाटी लावली असती तर पहिल्या दिवशीच त्यानं कुलूप घातलं असतं."

"ते मला सांगितलं असतं तर?"

"तुम्ही कोण, कुणाच्या, हे मला तरी कुठं ठाऊक होतं, काकू?" दाक्षायणीचा आवाज पहिल्यांदाच थरथरला. "त्या कारखान्यात माझं तारुण्य गेलं. एक दिवस सगळ्यांना म्हणाले, आजपासून तुम्ही कामगार नाही, पीसवाल्या. फंड नाही, सुट्टी नाही. मी विचारलं, तर मला दार दाखवलं. ही मशिनं मी एक-एक करून जुन्या बाजारातनं घेतलीत. बोळात तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, त्यांनीच पाठवली ही बाई."

एका बाईनं दाराकडं जाऊन पूनमचा हात धरला आणि तिला आत ओढलं. पूनम आली, पण कोपऱ्यात बसली आणि चन्नम्माकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून शेडच्या मालकाकडं गेल्या. हिंदुराव शेडच्या वरच्या मजल्यावर राहायचे. म्हातारा गृहस्थ, बनियनवरच बाहेर आले आणि जिन्यातूनच हात हलवायला लागले.

"मी सांगितलंय ना एकदा. मला पोलिसांचं लफडं नको. मशिनं चोरीची आहेत म्हणे."

दाक्षायणी काही बोलणार तेवढ्यात चन्नम्मा पुढं झाली.

"कोण म्हणतं, मालक?"

"कारखान्याचा मॅनेजर."

"माज्याकडं बी त्योच आलता. पोलीस आला का कुणी?"

"नाही. पण येतील म्हणे."

"चोरी झाली तर आदी पोलीस येतो का आदी मॅनेजर येतो? आन् समजा, असतील चोरीची. मग चोरीचा माल आता तुमच्या कुलपात हाय की. उद्या खरंच पोलीस आले तर कुलूप कुणाचं, असं विचारतील का न्हाय?"

हिंदुराव जिन्याच्या पायरीवर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते चन्नम्मा चांगलं ओळखत होती. तोच संशय, फक्त आता त्याचं तोंड दुसरीकडं वळलं होतं. ते आत गेले, फोनवर कुणाशी तरी बोलले आणि किल्ली घेऊन खाली आले.

"आजच्या आज सगळं बाहेर काढा. पुन्हा या जागेत मात्र नको. मला म्हातारपणी कुणाची दुश्मनी परवडत नाही."

दाक्षायणीनं टेम्पो आणला. एवढी मशिनं एका ठिकाणी ठेवायला जागा नव्हती, म्हणून जिच्या घरी जमेल तिच्या घरी एकेक गेलं. राजेश्वरीचं मशीन चन्नम्माच्या ओट्यावर आलं. त्याला पत्र्याचा आडोसा केला, चूल आत सरकवली. मग कडक उन्हात, वीज जाते-येते त्या तालावर, निळ्या शर्टांचे ढीग त्या गल्लीत शिवले गेले. चन्नम्मा भाकरीतून उठली की धागे कापायला बसायची. दाक्षायणी संध्याकाळी माल न्यायला यायची. इतर घरी ती गठ्ठा उचलायची आणि निघायची. चन्नम्माच्या घरी मात्र प्रत्येक शर्ट उलगडून बघायची, बटण ओढून बघायची, बंडल पुन्हा बांधायची. चहा पुढं केला तर म्हणायची, "नको, आत्ताच झाला." चन्नम्मा कप परत आत न्यायची. तिला राग यायचा नाही. त्या जागी ती असती तर तिनंही तेच केलं असतं.

माल पोचला, पण उशिरा. ज्यानं काम दिलं होतं त्या कलबुर्गीच्या दुकानदारानं भाव पाडून घेतला. दोघी-तिघी बायका कंटाळून नंदीशच्या कारखान्यात परत गेल्या. त्यानं त्यांना आधीपेक्षा कमी दरानं ठेवून घेतलं, आणि त्या तरीही राहिल्या, कारण तिथं पंखे होते आणि रोज काम होतं. पूनम गेली नाही. पण चन्नम्माच्या ओट्यावर ती पुन्हा कधी बसली नाही. रस्त्यात भेटली तर "बरं हाय नव्हं" म्हणायची आणि चालती व्हायची.

राजेश्वरीनं सासूला एका शब्दानं बोल लावला नाही. जेवायला वाढायची, खांद्याला तेल चोळून द्यायची. फक्त पूर्वी ती काम करता करता दिवसभराचं सगळं सांगत बसायची, ते थांबलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची.

"राजी," एकदा चन्नम्मा म्हणाली, "तू मला शिव्या दे की एकदा."

"कशाला, अत्ती?" ती म्हणाली आणि मशिनाच्या बॉबिनीत दोरा भरायला लागली.

शाळा उघडल्या. निळे शर्ट घातलेली पोरं रिक्षात दाटीवाटीनं बसून गल्लीवरून जायला लागली. चन्नम्मा त्यांच्या कॉलरी बघायची, यातली कुठली आपल्या ओट्यावरची म्हणून.

काही आठवड्यांनी दाक्षायणी पुन्हा टेम्पो घेऊन आली. दुसरी जागा मिळाली होती, कॉलेजच्या युनिफॉर्मचं नवीन काम होतं. मशीन उचललं, टेम्पोत चढवलं. मग दाक्षायणी राजेश्वरीला घेऊन टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला गेली. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. आवाज ओट्यापर्यंत येत होता, शब्द येत नव्हते. चन्नम्मा उठून जवळ जाऊ शकली असती. ती रिकाम्या झालेल्या जागेवर झाडू मारत राहिली.

त्या दिवसापासून राजेश्वरी सकाळी निघते. चन्नम्मा तिला दोन भाकरी आणि भाजी बांधून देते. मावशीचं नाव आता कुणी काढत नाही. कुठल्या रिक्षात बसते, कुठं उतरते, ते चन्नम्मानं बघितलेलं नाही. गल्लीत कुणी नवा माणूस आला, मोटरसायकल थांबली, की ती दार लोटून घेते. तहान लागली म्हणाला तरी पाणी ओट्यावरच ठेवते आणि बोलत नाही.

मागच्या महिन्यात विरेशचा फोन आला. कंत्राट पुन्हा वाढलं होतं, आवाज खुशीत होता.

"अव्वा, राजी कामाला जाते म्हणे. कुठं आहे कारखाना?"

"मला ठाऊक न्हाय," चन्नम्मा म्हणाली.

"विचारलं नाहीस?"

"न्हाय."

मग त्यानं खांद्याचं विचारलं, पाणी वेळेवर येतं का विचारलं. तव्यावरची भाकरी फुगत होती. चन्नम्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि कापडाच्या बोळ्यानं ती दाबून धरली.